लोकापवाद आणि राजकीय साथ : मानखुर्द परिसराच्या निमित्ताने एक विचार

एखाद्या राजकारणी पुरुषावर लोकापवाद आला म्हणजे त्याच्या सहकाऱ्यांपुढे उभा राहणारा प्रश्न वरवर पाहता नीतीचा दिसतो. आरोप खरा की खोटा, आणि खरा असल्यास अपराध किती मोठा, एवढे एकदा ठरले की त्याची साथ करावी की सोडावी हेही आपोआप ठरावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातील ठळक प्रकरणे शेजारी शेजारी मांडून पाहिली असता या समजुतीस फारसा आधार सापडत नाही. न्यासांना मिळालेल्या कोट्यवधी रुपयांच्या देणग्यांवरून एका मुख्यमंत्र्यास पायउतार व्हावे लागले. पैशाचा संबंध नसलेल्या, केवळ परीक्षेतील गुणांच्या प्रकरणावरून दुसऱ्या मुख्यमंत्र्यावरही तीच पाळी आली. याउलट एका मंत्र्यास अटक होऊन तो कारागृहात गेला, तरी त्याचे मंत्रिपद सरकार असेतोवर कायम राहिले. हाच मंत्री सतरा वर्षांपूर्वी केवळ एका चौकशी आयोगाच्या अहवालावरून पदमुक्त झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो.

हे मंत्री म्हणजे नवाब मलिक. त्यांचे राजकारण मुंबईच्या पूर्व उपनगरांत घडले. १९९६ च्या पोटनिवडणुकीत ते कुर्ल्यातील नेहरूनगर मतदारसंघातून समाजवादी पक्षातर्फे प्रथम विधानसभेवर निवडून आले व पुढे राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले. २००८ च्या पुनर्रचनेने मानखुर्द, गोवंडी, तुर्भे या भागांत ‘मानखुर्द-शिवाजीनगर’ आणि ‘अणुशक्तीनगर’ असे दोन मतदारसंघ निर्माण केले. पैकी अणुशक्तीनगरचे प्रतिनिधित्व मलिक यांनी २००९ आणि २०१९ मध्ये केले. मधल्या, २०१४ च्या निवडणुकीत तेथे त्यांचा थोडक्यात पराभव झाला. एका बाजूस अणुसंशोधन केंद्राची आखीव वसाहत आणि दुसऱ्या बाजूस देवनारची कचराभूमी, कत्तलखाना व त्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या वस्त्या, असे या परिसराचे रूप आहे. महानगरपालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हा ‘एम पूर्व’ विभाग मुंबईतील सर्व विभागांत तळाशी होता. अशा ठिकाणी लोकप्रतिनिधी हा विधिमंडळातील सभासद असतो त्यापेक्षा पाणी, शिधापत्रिका आणि झोपडीचे संरक्षण यांसाठी धावून येणारा माणूस अधिक असतो. त्याच्या पक्षाच्या दृष्टीने त्याची किंमत ठरविताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

मलिक यांचे उदाहरण अभ्यासकास उपयुक्त वाटते ते एका विशिष्ट कारणाने. तुलनात्मक अभ्यासात माणसे बदलली की स्वभाव, जात, प्रदेश, काळ असे सारेच बदलते, आणि फरक नेमका कशाने पडला हे सांगणे दुष्कर होते. येथे माणूस एकच आहे. २००५, २०२२ आणि २०२३-२४ अशा तीन प्रसंगी त्याच्या सहकाऱ्यांचे वर्तन तीन प्रकारचे झाले. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. ते त्यांनी सातत्याने नाकारले आहेत आणि तो विषय न्यायालयाचा आहे. येथे विचार आहे तो आरोपीचा नव्हे, त्याच्या भोवतालच्या माणसांचा.

या तीन प्रसंगांकडे वळण्यापूर्वी एक जुने प्रकरण तपासणे इष्ट ठरेल. ते पुण्यात घडले असले, तरी त्याचा परिणाम मानखुर्दला लागून असलेल्या साष्टी बेटाला भोगावा लागला.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी वध केला. संशय पहिल्याच दिवसापासून रघुनाथरावावर होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यास दोषी धरले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर गेले, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलासही ठाऊक असते. तेवढ्याच महत्त्वाची, पण सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, त्या निर्णयानंतर कारभारी मंडळींपैकी बहुतेक जण जागचे हलले नाहीत. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावासच आली. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे ही पुढे बारभाई म्हणून ओळखली गेलेली मंडळी वधानंतरचे कित्येक आठवडे त्याच्याच नावाने चाललेल्या कारभारात होती. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर आहे हे निश्चित झाले आणि रघुनाथराव मोहिमेवर पुण्याहून दूर गेला, तेव्हा कुठे ही मंडळी एकेक करून मागे फिरली. १७७४ च्या आरंभी पुरंदरावर गंगाबाईच्या नावाने कारभार सुरू झाला. मार्चमध्ये पंढरपूरनजीक कासेगाव येथे रघुनाथरावाने त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. त्यात पेठे जायबंदी होऊन पुढे मृत्यू पावले. रणातील या जयाचा त्यास उपयोग मात्र झाला नाही. १८ एप्रिलला सवाई माधवराव जन्मला, चाळीस दिवसांच्या त्या मुलास पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि रघुनाथरावाची बाजू कायमची पडली.

अपराध ऑगस्टात उघडकीस आला; साथ सुटली ती पुढील चार-आठ महिन्यांत. मधल्या काळात अपराधाचे स्वरूप तिळमात्र बदलले नव्हते. बदलल्या त्या सहकाऱ्यांपुढील वाटा. रामशास्त्र्यांच्या निर्णयाने त्यांना सोडून जाण्याची सन्मान्य सबब मिळाली होती. कारण तो निर्णय निजामाचा नव्हता, हैदराचा नव्हता, की भाऊबंदकीतील दुसऱ्या पक्षाचाही नव्हता. परंतु नुसती सबब पुरत नाही. रघुनाथरावास सोडून जायचे ते कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर गंगाबाईच्या उदरात होते आणि ते मिळेपर्यंत मुत्सद्दी थांबले. सखारामबापूसारखा पुरुष तर उत्तर मिळाल्यावरही दोन्हीकडे एकेक पाय ठेवून राहिला. एकट्या पडलेल्या रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी संधान बांधले. त्यांनी तह पुरा होण्याचीही वाट न पाहता डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी ताब्यात घेतली; मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावाने त्यावर मान्यतेची मोहोर उठवली; आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात बाकी बरेच परत मिळाले तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. आजच्या मुंबईच्या उपनगरांचा मोठा भाग ज्या भूमीवर वसला आहे, ती मराठ्यांच्या हातून गेली त्याच्या मुळाशी एका राजकारणी पुरुषाचे सहकारी त्यास सोडून गेल्याची घटना आहे.

विसाव्या शतकातील प्रकरणांत शस्त्रांची जागा राजीनाम्याने घेतली, तथापि सबब आणि आश्रय या दोन गोष्टींचे महत्त्व ओसरले नाही. बॅ. अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. निर्णयांचा झपाटा हे त्यांचे वैशिष्ट्य होते. निराधारांसाठीची संजय गांधी योजना त्यांच्या काळातली; सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आले तेही त्यांच्याच काळात. त्यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आदी न्यासांना बांधकाम व्यावसायिकांनी देणग्या दिल्या आणि त्यांना नियंत्रित दराचे सिमेंट मिळाले, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मांडला. सिमेंट ही त्या काळी दुर्मिळ वस्तू होती. एका पोत्यासाठी सामान्य माणसास महिनोन्‌महिने खेटे घालावे लागत, हे आजच्या विद्यार्थ्यास कदाचित सांगावे लागेल.

वृत्तपत्रात बोभाटा झाला, संसदेत गदारोळ झाला, तरी अंतुले पदावर राहिले. सप्टेंबर ते डिसेंबर असे चार महिने टीका होत होती ती विरोधी पक्षांकडून व वृत्तपत्रांकडून. त्यांच्या मागणीवरून मुख्यमंत्री बदलणे म्हणजे त्यांचा जय मान्य करणे होते. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटवाटप व देणग्या यांचा संबंध जोडणारा निकाल दिला आणि सारे चित्र एका दिवसात पालटले. याचिका करणारे विरोधकच होते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आरोप तोच, आरोप करणारेही तेच. पण तो न्यायासनाच्या मुखातून बाहेर पडताच विरोधकांचा राहिला नाही. सबब मिळाली. आश्रयाचा प्रश्न तर अवघड नव्हताच. मुख्यमंत्री दिल्लीहून नेमला जाण्याचा तो काळ होता. विधिमंडळ पक्षात अंतुल्यांना मानणारे आमदार पुष्कळ होते, परंतु पदाचा उगम विधिमंडळ पक्षात नसून पक्षश्रेष्ठींत असल्याने त्या पाठिंब्याचे मोल मर्यादित राहिले. बाबासाहेब भोसले यांची निवड झाली आणि प्रकरण राज्यापुरते मिटले. खटला मात्र वर्षानुवर्षे चालला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने खटल्याच्या चौकशीच्या पद्धतीबाबत अंतुल्यांच्या बाजूने दिलेला निर्णय विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. १९८९ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठविले आणि पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. पक्षाने सोडले, मतदारांनी सोडले नाही. आणि मतदार सोडत नाहीत असे दिसल्यावर पक्षानेही पुन्हा जवळ केले.

शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचे प्रकरण याहून लहान. एम. डी. परीक्षेतील त्यांच्या कन्येच्या गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने प्रतिकूल अभिप्राय व्यक्त केला आणि मार्च १९८६ मध्ये अवघ्या नऊ महिन्यांच्या कारकीर्दीनंतर त्यांना जावे लागले. रकमेच्या दृष्टीने पाहिले तर अंतुले प्रकरणाशी त्याची तुलनाच होत नाही. पण न्यायालयाचा शब्द आणि दिल्लीहून येणारा पर्याय, शंकरराव चव्हाण, हे दोन्ही हजर होते. सहकाऱ्यांच्या हिशेबात अपराधाच्या आकाराला किती अल्प स्थान असते, हे यावरून उघड होते.

याला एक पोटनियम जोडावा लागेल. निकालाची वाट न पाहता जो स्वतःच दूर होतो, त्याची साथ बहुधा टिकते. सप्टेंबर २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांतील गैरव्यवहाराच्या आरोपांवरून अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपद सोडले, तेव्हा त्यांच्या पक्षाच्या इतर मंत्र्यांनीही राजीनामे पुढे केले. डिसेंबरात ते पदावर परतले. देशपातळीवर टी. टी. कृष्णम्माचारी यांचे उदाहरण आहे. मुंबईत न्यायमूर्ती छागला यांनी उघडपणे केलेल्या मुंदडा प्रकरणाच्या चौकशीनंतर १९५८ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. पण नेहरूंचा लोभ आटला नाही आणि काही वर्षांतच ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. राजीनामा म्हणजे साथ सुटणे नव्हे. पुष्कळदा तो साथ टिकविण्याचा करार असतो.

आता मलिक यांचा पहिला प्रसंग. अण्णा हजारे यांनी काही मंत्र्यांवर केलेल्या आरोपांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. सुरेश जैन, पद्मसिंह पाटील, विजयकुमार गावित आणि नवाब मलिक हे चौकशीच्या कक्षेत होते; मलिक यांच्यासंबंधीचे प्रकरण माहीमच्या जरीवाला चाळीच्या पुनर्विकासाचे होते. २००५ मध्ये अहवाल आला. त्यात खुद्द हजारे यांच्याशी संबंधित न्यासाच्या कारभारावरही ठपका होता, आणि नेमक्या याच गोष्टीमुळे आयोगाच्या शब्दास तटस्थतेचे वजन प्राप्त झाले. आरोप करणाऱ्यालाही जो सोडत नाही, त्याचा निर्णय कोणा एकाचा विजय ठरत नाही. शिवाय आयोग नेमला होता तो काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्याच सरकारने. मलिक यांना मंत्रिपद सोडावे लागले, आणि त्यासाठी रस्त्यावर उतरणे कोणत्याही सहकाऱ्यास आवश्यक वाटले नाही. सरकारच्या स्थैर्यास त्यांच्या जाण्याने धक्का बसणार नव्हता. पक्षाने त्यांना टाकलेही नाही. २००९ मध्ये अणुशक्तीनगरची उमेदवारी त्यांनाच मिळाली.

दुसरा प्रसंग समजण्यासाठी त्याच पक्षातील, त्याच सरकारातील एक वर्षभर आधीचे प्रकरण शेजारी ठेवले पाहिजे. २० मार्च २०२१ रोजी मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांचे पत्र बाहेर आले; त्यात गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर मुंबईतील मद्यालयांकडून दरमहा शंभर कोटी रुपये वसूल करविण्याचा आरोप होता. देशमुखांनी तो नाकारला आणि पक्षाने त्यांचा बचाव केला. सोळा दिवस हा बचाव टिकला. ५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागास प्राथमिक चौकशीचा आदेश दिला, त्याच दिवशी राजीनामा झाला आणि गृहखाते दिलीप वळसे-पाटील यांच्याकडे गेले. पुढे नोव्हेंबरात देशमुखांना अटक झाली, तेव्हा मंत्री म्हणून त्यांना वाचविण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

२३ फेब्रुवारी २०२२ रोजी सक्तवसुली संचालनालयाने मलिक यांना अटक केली. कुर्ल्यातील गोवावाला आवारातील जागेचा व्यवहार दाऊद इब्राहिमच्या निकटवर्तीयांशी निगडित असल्याचा आरोप होता. आरोपाच्या गांभीर्याचा विचार केला तर देशमुखांपेक्षा मलिक यांची साथ सोडणे सहकाऱ्यांना अधिक सोपे वाटावयास हवे होते. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत त्या नावाचा नुसता स्पर्शही राजकीयदृष्ट्या विषारी ठरत आला आहे. प्रत्यक्षात घडले ते उलट. दुसऱ्याच दिवशी महाविकास आघाडीतील तिन्ही पक्षांचे मंत्री मंत्रालयानजीक महात्मा गांधींच्या पुतळ्यापाशी निषेधासाठी बसले. मार्चमध्ये मलिक यांची खाती इतरांकडे गेली, परंतु मंत्रिपद काढून घेण्यात आले नाही. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली भाजपने मोर्चा काढून राजीनामा मागितला. आणि हा मोर्चाच राजीनामा अशक्य करून गेला असे म्हणण्यास जागा आहे. अटकेपूर्वीच्या काही महिन्यांत मलिक यांनी केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मुंबईतील कारवाईवर दररोज पत्रकार परिषदा घेऊन हल्ला चढविला होता. त्यामुळे अटक ही सूड म्हणून वाचली गेली, आणि राजीनामा देणे म्हणजे केंद्रातील प्रतिपक्षाने बोट दाखवावे व राज्यातील मंत्री गळावा, असा पायंडा पाडणे ठरले असते. उद्या ते बोट कोणाकडे वळेल याची खात्री आघाडीतील कोणासच नव्हती. सहकारी मलिक यांचे रक्षण करीत होते त्यापेक्षा स्वतःचे अधिक करीत होते, हे कठोर वाटले तरी खरे आहे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. १५ मार्चला उच्च न्यायालयाने मलिक यांची तातडीने मुक्त करण्याची विनंती फेटाळली. न्यायालयाचा शब्द ही जर सन्मान्य सबब असेल, तर ती आघाडीने का घेतली नाही? एक उत्तर असे की, न्यायालयाने स्वतः होऊन काही सुरू केले नव्हते. जे प्रतिपक्षाच्या यंत्रणेने सुरू केले होते त्यात हस्तक्षेप नाकारला होता. देशमुख प्रकरणी चौकशीच मुळी न्यायालयाच्या आदेशाने जन्मली. दुसरे उत्तर पर्यायाच्या अभावाचे आहे. गृहखात्यास दुसरा मंत्री मिळतो. मुंबईत पक्षाचा अध्यक्ष, प्रवक्ता आणि मुस्लिम समाजातील सर्वांत ठळक चेहरा असे तिन्ही असलेला दुसरा माणूस राष्ट्रवादीपाशी नव्हता.

या साथीची किंमतही मोजावी लागली. १० जूनच्या राज्यसभा निवडणुकीत मलिक आणि देशमुख यांना मतदानाची अनुमती मिळाली नाही, आणि एकेक मताची गणना असलेल्या त्या निवडणुकीत शिवसेनेचा दुसरा उमेदवार पडला. त्याच महिन्यात एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखाली बंड झाले, तेव्हा बंडखोर आमदारांच्या ठरावात कारागृहातील या दोन नेत्यांचा उल्लेख होता; हिंदुत्वाचा वारसा सांगणाऱ्या शिवसेनेने मलिक यांच्यासाठी पुतळ्यापाशी बसावे, ही सल त्यांनी उघड बोलून दाखविली. बंडाची कारणे याहून पुष्कळ खोल होती. तरीही आघाडीने जी साथ प्रतिपक्षाला बळ मिळू नये म्हणून टिकविली, तीच आघाडीतल्या असंतुष्टांना सन्मान्य सबब पुरवून गेली. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला.

तिसऱ्या प्रसंगी सारे मोहरे जागा बदलून बसलेले दिसतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि अजित पवार सत्तेत गेले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलिक यांना वैद्यकीय कारणास्तव जामीन दिला. ७ डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात ते सत्ताधारी बाकांवर जाऊन बसले आणि त्याच दिवशी उपमुख्यमंत्री फडणवीस यांनी दुसरे उपमुख्यमंत्री अजित पवार यांना पत्र पाठवून मलिक यांना महायुतीत घेणे योग्य होणार नाही असे कळविले. हे पत्र जाहीरही करण्यात आले. ज्याने आरोप केला तोच आता मित्रपक्ष झाला होता. २०२२ मध्ये आरोपकर्ता समोर होता म्हणून मलिक यांची साथ टिकली. २०२३ मध्ये तो शेजारी येऊन बसला म्हणून ती धोक्यात आली. भाजपला मलिक यांच्या मताची निकड नव्हती, आणि दीड वर्षापूर्वी ज्यासाठी मोर्चा काढला तो शब्द मागे घेण्याची किंमत मोठी होती. अजित पवारांचा हिशेब वेगळा होता. भाजपच्या सहवासाने दुरावण्याचा संभव असलेल्या अल्पसंख्य मतदारांपाशी नेण्यासाठी त्यांच्याकडे माणसे थोडी होती.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, मलिक यांनी मानखुर्द-शिवाजीनगरमधून अर्ज भरला. पक्षाचे अधिकृत पत्र मिळेल की नाही याची शाश्वती नसल्याने अपक्ष म्हणूनही भरला. पत्र शेवटच्या घटकेस आले. भाजपने त्यांचा प्रचार करणार नाही असे जाहीर केले आणि शिंदे यांच्या शिवसेनेने त्याच मतदारसंघात स्वतःचा उमेदवार उभा केला. एका युतीतील तीन पक्षांपैकी एक बरोबर, एक तटस्थ म्हणविणारा आणि एक विरोधात, असे दृश्य मानखुर्दच्या गल्ल्यांतून तीन आठवडे दिसत होते. शेजारच्या अणुशक्तीनगरात त्यांच्या कन्या सना मलिक याच पक्षाच्या चिन्हावर उभ्या होत्या, आणि त्यांच्या उमेदवारीस भाजपची हरकत नव्हती. २३ नोव्हेंबरला मोजणी झाली. अणुशक्तीनगरमधून सना मलिक निवडून आल्या. मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये नवाब मलिक यांचा पराभव झाला आणि समाजवादी पक्षाचे अबू आझमी सलग चौथ्यांदा विजयी झाले.